दारू पिणाऱ्यांची टक्केवारी : एका आलेखाची तपासणी

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. ज्वालामुखी, पवनचक्की आणि ठिबक सिंचन यांच्या गर्दीत नववीच्या मुलींनी ‘व्यसन आणि समाज’ या विषयावर एक तक्ता लावला होता. तक्त्याच्या मध्यभागी मोठा रेषालेख होता. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर ‘भारतातील दारू पिणाऱ्यांचे शेकडा प्रमाण’. बिंदू पाच होते : २००४ साली २१.४, २००५-०६ साली ३१.९, २०१५-१६ साली २९.२, २०१९ साली १४.६ आणि शेवटी २०१९-२१ साठी १८.८. लाल शाईची रेषा आधी डोंगर चढत होती, मग पठारावरून चालत होती, मग कड्यावरून उडी मारून खाली येत होती आणि शेवटी पुन्हा जराशी डोके वर काढत होती.

त्यांच्या शिक्षकांनी आधीच सांगून टाकले, “यातला एकही आकडा आमच्या पदरचा नाही. सगळे सरकारी अहवालांतले आहेत.” ते खरे होते. घरी आल्यावर मी सगळे आकडे पडताळले आणि पाचही बरोबर निघाले. पण तक्त्याजवळ उभ्या असलेल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे नीट देता आले नाही. ती म्हणाली, “बाई, यावरून २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत निम्म्या लोकांनी दारू सोडली असे दिसते. पण आमच्या गावात तर कोणीच सोडलेली नाही.”

बिंदू पाचही बरोबर आणि त्यांना जोडणारी रेषा चूक, असे हे प्रकरण आहे. असे तक्ते अनेक शाळांच्या भिंतींवर आहेत आणि अशाच रेषा वृत्तपत्रांतही काढल्या जातात. म्हणून त्या पाच आकड्यांची आणि ते ज्या अहवालांतून आले त्या अहवालांची थोडी झाडाझडती घ्यावी, असे वाटले.

पहिला बिंदू २१.४ टक्के. हा आकडा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालातला आहे. केंद्र सरकारचे सामाजिक न्याय मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांची अमली पदार्थविषयक संस्था यांनी तो मिळून काढला होता. त्यासाठी घरोघर जाऊन ४०,६९७ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि ते सगळे पुरुष होते, १२ ते ६० वर्षे वयाचे. ‘सध्या पिणारा’ म्हणजे गेल्या महिन्याभरात प्यालेला, अशी व्याख्या होती. म्हणजे २१.४ टक्के हे ‘भारतातील लोकांचे’ प्रमाण नव्हे. ते १२ ते ६० वयाच्या, गेल्या महिन्यात प्यालेल्या पुरुषांचे प्रमाण आहे.

दुसरा आणि तिसरा बिंदू राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतले. हेही पुरुषच, पण १५ ते ४९ वयाचे. येथे विचारतात ते एवढेच : “तुम्ही दारू पिता का?” गेल्या महिन्यात की गेल्या वर्षात, अशी मुदत या प्रश्नात नाही. ‘हो’ म्हटले तर रोज, आठवड्यातून एकदा की त्याहून कमी, हे पुढे विचारले जाते. वर्षातून एकदा गटारीला आणि एखाद्या वरातीत घेणारा माणूस या प्रश्नाला काय उत्तर देईल? बहुतेक जण “छे, आपण पीत नाही” असेच म्हणतील, आणि तसे म्हणताना आपण खोटे बोलतो आहोत असे त्यांना वाटणारही नाही. याच सर्वेक्षणात स्त्रियांचे प्रमाण तिसऱ्या फेरीत २.२ टक्के आणि चौथ्या फेरीत १.२ टक्के होते. ते मुलींच्या तक्त्यावर आलेच नाही.

चौथा बिंदू १४.६. हा २०१९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘भारतातील व्यसनी पदार्थांच्या वापराचे प्रमाण’ या विषयावरील अहवालातला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने हे काम केले. १८६ जिल्ह्यांतील २,००,१११ घरे आणि ४,७३,५६९ माणसे, एवढा त्याचा पसारा. वय १० ते ७५, स्त्री-पुरुष दोन्ही, आणि मुदत गेल्या १२ महिन्यांची. मुलींच्या आलेखात २९.२ वरून १४.६ वर जी रेषा कोसळते, तिचे रहस्य येथे आहे. वरचा बिंदू पुरुषांचा आहे, खालच्यात स्त्रियाही आल्या. याच अहवालात पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के असे वेगळे दिलेले आहे. २९.२ च्या शेजारी २७.३ ठेवले असते तर कडाच उरला नसता.

शिवाय वयाची गंमत आहेच. दहा-बारा वर्षांची मुले छेदात घेतली की टक्केवारी आपोआप उतरते, कारण ती छेदात भर घालतात आणि अंशात जवळजवळ काहीच घालत नाहीत. याच सर्वेक्षणात १८ ते ७५ एवढाच वयोगट घेतला तर प्रमाण १४.६ ऐवजी १७.१ होते. एकही माणूस नव्याने प्यायला लागलेला नाही, आपण फक्त छेद बदलला. अपूर्णांक शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता पाचवा बिंदू, १८.८. हा मला सगळ्यांत जास्त खटकतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्या संक्षिप्त पत्रकात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १८.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १.३ टक्के दारू पितात असे छापले आहे, आणि वृत्तपत्रांनी हेच आकडे उचलले. पण हे आकडे पिणाऱ्या माणसाला विचारून आलेले नाहीत! या फेरीत घराची जी सामाईक प्रश्नावली असते, तिच्यात तंबाखू आणि दारूचे प्रश्न घातले होते. या प्रश्नावलीची उत्तरे घरातली एखादी प्रौढ व्यक्ती सगळ्यांच्या वतीने देते : घरात माणसे किती, शिकलेली किती, आणि त्यांत दारू कोण पितो. याच फेरीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांना स्वतंत्रपणे, समोर बसवून विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणणारे सुमारे २२ टक्के निघाले.

हे मी नंतर त्या शाळेत जाऊन सांगितले तेव्हा एक मुलगा पटकन उठून म्हणाला, “आमच्याकडे पण असेच विचारायला आले होते. आजीने सांगितले, आमच्या घरात कोणी शिवत नाही.” वर्ग खो-खो हसला. मुलगा हसला नाही. मग वर्गही गप्प झाला. ते कोणते सर्वेक्षण होते हे त्याला ठाऊक नव्हते, पण दुसऱ्याच्या वतीने दिलेले उत्तर म्हणजे काय, हे मला दहा वाक्यांत सांगता आले नसते ते त्याने एका वाक्यात सांगितले.

या आकड्याने एक मोठी बातमीही घडवली. २०२० च्या डिसेंबरात पाचव्या फेरीची पहिल्या टप्प्यातील राज्यांची पत्रके निघाली. बिहारमध्ये १५ वर्षांवरील १५.५ टक्के पुरुष पितात आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के, असे त्यांत होते. बिहारमध्ये २०१६ च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी आहे. मग काय, ‘दारूबंदी असलेला बिहार महाराष्ट्राच्या पुढे’ असे मथळे झळकले. दारूबंदीच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले, समर्थकांनी सर्वेक्षणच खोटे ठरवले. दोन्ही बाजूंपैकी कोणी चौथ्या फेरीचे पान उलटून पाहिले असते तर बरे झाले असते. दारूबंदीच्या आधी, २०१५-१६ साली, बिहारचा आकडा २८.९ होता आणि महाराष्ट्राचा २०.५. म्हणजे बिहार पुढे होताच. दोन फेऱ्यांमध्ये तो जवळजवळ निम्म्यावर आला.

“मग दारूबंदी यशस्वी झाली,” असे आता कोणी म्हणेल. थांबा. महाराष्ट्रात या काळात राज्यव्यापी दारूबंदी आलेली नव्हती. तरीही आपला आकडा २०.५ वरून १३.९ वर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने, उतरला. महाराष्ट्रातील पुरुषांनी आपण होऊन एवढी दारू सोडली का? तसे असते तर कोणाच्या ना कोणाच्या लक्षात आले असते. अधिक सरळ उलगडा असा, की मोजपट्टीच बदलली : आधी १५ ते ४९ वयाचे आणि स्वतः बोलणारे, नंतर १५ च्या पुढचे सगळे आणि घरच्यांनी सांगितलेले. बिहारमधल्या घटीपैकी किती घट बाटलीतली आणि किती मोजपट्टीतली, हे या दोन आकड्यांवरून काढताच येत नाही. शिवाय जिथे पिणे हा गुन्हा आहे, तिथे दारात कागद-पेन घेऊन उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला कोण खरे सांगणार? कुटुंब आरोग्य सर्वेक्षण एरवी फार मोलाचे आहे. बालकांचे कुपोषण, लसीकरण, रक्तक्षय यांविषयी देशाला जे माहीत आहे त्यातले बरेचसे त्याच्यामुळे. पण पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि पुरुषांच्या १,०१,८३९. मुख्यतः पुरुषांत असलेली सवय अशा सर्वेक्षणात जाता जाता विचारली जाते, आणि तिचे उत्तर पत्रकात ठळक अक्षरांत छापले जाते. छापावे, पण ते कोणी दिले हेही तितक्याच ठळकपणे छापावे, एवढीच अपेक्षा आहे.

माणसे मोठ्या संख्येने विचारली की चूक आपोआप भरून निघते, असा एक समज विज्ञानाच्या पदवीधरांतही आढळतो. नमुना मोठा केला की योगायोगाने होणारी चूक कमी होते, हे खरे. पण तराजूलाच पासंग असेल तर शंभर वेळा वजन केल्याने काय होणार? शंभर वेळा तेच चुकीचे वजन मिळेल, आणि दर वेळी तेच आले म्हणून आपला विश्वास मात्र वाढत जाईल. पावणेपाच लाख लोकांनी सारख्याच संकोचाने उत्तर टाळले तर टाळलेल्या उत्तरांची फार अचूक सरासरी हाती येते, इतकेच.

हा पासंग किती मोठा आहे, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. डोकी मोजण्याऐवजी लिटर मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१६ साली भारतात १५ वर्षांवरील माणशी ५.७ लिटर शुद्ध मद्यार्क वापरला गेला. त्यांपैकी सुमारे ३ लिटर नोंदीतले, म्हणजे ज्यावर कर भरला गेला आहे असे. उरलेले हातभट्टी, घरगुती गाळप, चोरटी आयात वगैरेंचा अंदाज आहे. आता फळ्यावर मांडा. १५ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे ९५ कोटी धरली, तर एकूण मद्यार्क सुमारे ५४० कोटी लिटर. २०१९ च्या अहवालाप्रमाणे पिणारे सुमारे १६ कोटी. म्हणजे दर पिणाऱ्यामागे वर्षाला सुमारे ३४ लिटर शुद्ध मद्यार्क.

हे व्हिस्कीत बदलू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. तो असा विचित्र का, असे विद्यार्थी विचारतील. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ५७.१ टक्के मद्यार्क असलेल्या द्रवाला शंभर अंश ‘प्रूफ’ म्हणत आणि आपली दारू त्याच्या ७५ अंशांची. ५७.१ चे तीन चतुर्थांश केले की ४२.८ येतात. इंग्रज गेले, दशमान पद्धत आली, पण त्यांचे प्रूफ बाटलीत शिल्लक राहिले. असो. ३४ लिटर मद्यार्कासाठी अशी दारू लागेल सुमारे ७९ लिटर, म्हणजे १८० मिलिलिटरच्या सुमारे ४४० क्वार्टर. याचा अर्थ, ज्याने वर्षभरात एकदा तरी घोट घेतला अशा प्रत्येकाची सरासरी रोज एक क्वार्टर आणि आठवड्याला वर एखाद-दुसरी! यात गटारीवालेही आले, लग्नात बिअर घेणारेही आले आणि सणाला घरची दारू चाखणाऱ्या म्हाताऱ्याही आल्या.

हे पटत नाही. नोंदीबाहेरचा सगळा अंदाज फेकून दिला आणि फक्त कर भरलेली दारू धरली, तरी माणशी आठवड्याला चार-साडेचार क्वार्टर पडतातच. लिटरचे आकडे काही वेदवाक्य नव्हेत. नोंदीबाहेरच्या दारूचा अंदाज हा शेवटी अंदाजच, आणि या संघटनेने तो कसा बांधला आहे यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतात. पण कर भरलेल्या बाटल्या कोणीतरी रिकाम्या केल्या आहेत, एवढे निश्चित. तेव्हा दोनच शक्यता राहतात. एकतर पिणारे १६ कोटींहून बरेच जास्त आहेत, किंवा पिणाऱ्यांतले काही जण प्रचंड पितात. बहुधा दोन्ही खरे आहे. आणि हे केवळ आपल्याकडचे नाही. ज्या देशांत विक्रीच्या नोंदी चोख आहेत तिथेही लोकांनी सर्वेक्षणात सांगितलेल्या दारूची बेरीज विकल्या गेलेल्या दारूच्या निम्म्याच्या आसपास भरते, हे अनेकदा आढळले आहे. माणूस कमी सांगतो, विसरतो, पेला लहान होता असे मानतो. शिवाय सगळ्यांत जास्त पिणारा, सर्वेक्षक येतो तेव्हा घरी सापडत नाही.

हे लक्षात ठेवून २०१९ च्या अहवालातील राज्यांची क्रमवारी पाहावी. छत्तीसगड ३५.६, त्रिपुरा ३४.७, पंजाब २८.५, अरुणाचल आणि गोवा प्रत्येकी २८ टक्के. ही क्रमवारी पिण्याची आहे की कबुलीची? गोव्यात फेणीचा पेला ही दडवण्याची गोष्ट नाही. छत्तीसगडच्या आदिवासी गावांत मोहाची दारू देवाला चढते आणि पाहुण्याला दिली जाते. तिथे “हो, घेतो” म्हणायला काही लागत नाही. उलट महाराष्ट्रात पाहा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा आहे. परवाना खिशात ठेवून पिणारे आपल्या ओळखीत किती आहेत ते ज्याने त्याने आठवावे. म्हणजे आपल्याकडे “दारू पिता का” या प्रश्नाला “हो” म्हणणे ही बहुतेकांच्या बाबतीत गुन्ह्याची कबुली ठरते. १९७५ पासून दारूबंदी असलेला वर्धा किंवा १९९३ पासूनचा गडचिरोली येथे तर विचारायलाच नको. चंद्रपुरात दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. समजा, उठल्यानंतरच्या एखाद्या सर्वेक्षणात तिथला आकडा वाढलेला दिसला, तर दारू वाढली की जीभ सैल झाली, हे आधी तपासावे लागेल.

शब्दाचाही प्रश्न आहे. आमच्या प्रयोगशाळेतील एका मदतनिसाला बिअर ही दारू वाटत नाही. कोकणात माडी घेणारा कितीतरी वेळा स्वतःला दारू पिणाऱ्यांत धरत नाही. प्रश्न ‘दारू’ असा विचारला की एक उत्तर येते. ताडी, माडी, मोहाची, देशी, बिअर, अशी नावे घेऊन विचारले की दुसरे.

स्त्रियांच्या आकड्याबद्दल तर मला फारच शंका आहे. देशभरात १.६ टक्के, म्हणजे एका स्त्रीमागे १७ पुरुष. पण अरुणाचलात पाचव्या फेरीत १५ वर्षांवरील २४ टक्के स्त्रिया पितात असे निघाले. तिथे तांदळाची बिअर घरात बनते, ती बायकाच बनवतात आणि पितातही, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. इतरत्र स्त्रिया खरोखरच पुष्कळ कमी पितात, याबद्दल वाद नाही. पण सासू दाराशी उभी असताना सुनेने दिलेल्या उत्तरावरून दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा छापणे जरा धाडसाचेच.

एवढी टीका केल्यावर सांगायला हवे की २०१९ चा अहवाल मला या विषयावरील सर्वांत उपयुक्त अहवाल वाटतो. कारण तो ‘किती पितात’ एवढ्यावर थांबत नाही. पिणारा, ज्याचे पिणे अपायकारक झाले आहे तो आणि ज्याला दारूवाचून राहता येत नाही तो, असे तीन टप्पे तो वेगळे मोजतो. लोकसंख्येच्या ५.२ टक्के, म्हणजे सुमारे ५.७ कोटी लोक पुढच्या दोन टप्प्यांत मिळून आहेत. त्यांपैकी २.७ टक्के, सुमारे २.९ कोटी, पूर्णपणे दारूच्या ताब्यात आहेत. त्यांतल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाली आणि १८० जणांमागे एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले. मथळ्यात १४.६ गेले, ३८ आतल्या पानावर राहिले. मला विचाराल तर त्या तक्त्याच्या मध्यभागी हाच आकडा हवा होता.

येथेही एक खोच आहे. ५.२ ला १४.६ ने भागा. पिणाऱ्या दर तिघांत एकाहून अधिकाचे पिणे घातक झाले आहे, असे उत्तर येते. हे फार मोठे प्रमाण आहे. याचा एक अर्थ असा, की आपल्याकडे पिणे म्हणजे जेवणाबरोबर पेलाभर घेणे नसून झिंग येईपर्यंत ओतणे असते. अहवालाप्रमाणे पिणाऱ्यांत देशी दारू आणि विदेशी पद्धतीची कडक दारू यांचा वाटा सुमारे तीस-तीस टक्के आहे, तेव्हा हा अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. पण दुसराही अर्थ संभवतो. ज्याचे पिणे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे त्याला ते लपवता येत नाही, आणि सणासुदीला घेणारा “नाही” म्हणून सहज निसटतो. असे निसटलेले छेदातून गळाले की गंभीर रुग्णांचे प्रमाण फुगलेले दिसते. दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करतात आणि अहवालातील आकड्यांवरून त्यांना वेगळे करता येत नाही. तरीही २.९ कोटी हा आकडा खाली येण्याची भीती नाही. लपवाछपवीने तो कमीच झाला असणार.

मग खरे उत्तर काढायचे कसे? विचारणाऱ्यालाच उत्तर कळणार नाही, अशा रीतीने प्रश्न विचारायचा. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ साली या कल्पनेला गणिती रूप दिले आणि तिची एक सोपी आवृत्ती वर्गात करता येते. प्रत्येकाने आपले नाणे कोणाला न दाखवता उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचे. काटा पडला तर खरे उत्तर लिहायचे. चिठ्ठीवर ‘हो’ दिसले तरी ते नाण्याचे की माणसाचे, हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून खरे लिहायला भीती नाही. पण सगळ्यांचे मिळून गणित मात्र सुटते. ६० मुलांत ३६ ‘हो’ आले, तर सुमारे ३० नाण्याचे. उरलेल्या ३० मुलांपैकी ६ जणांनी खरे ‘हो’ लिहिले, म्हणजे प्रमाण २० टक्के. एवढ्या लहान वर्गात उत्तर बारा-तेरा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकते. सहा हजारांत ही ओढाताण सव्वा टक्क्यावर येते. गुप्ततेची किंमत म्हणून नमुना बराच मोठा घ्यावा लागतो, पण पासंग हलका होतो.

शिक्षकांना एक विनंती. हा प्रयोग वर्गात करताना घरातल्या दारूविषयी विचारू नये, नाणे असले तरी नाही. तो आजीचा नातू माझ्या डोळ्यांसमोर आहे. “गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरवला का?” हा प्रश्न पुरतो.

त्या शाळेत आम्ही हाच प्रश्न घेतला. ५८ मुले होती, आधी हात वर करून विचारले तेव्हा तीन हात वर आले. मग नाणी उडवली. ‘हो’च्या ३७ चिठ्ठ्या निघाल्या. २९ नाण्याच्या वजा करता ८ राहिल्या, २९ पैकी ८ म्हणजे सुमारे २८ टक्के. मुलांनी फळ्यावर ५ टक्के आणि २८ टक्के शेजारी शेजारी लिहिले आणि खाली कोणाला, काय, कोणत्या मुदतीचे आणि कसे विचारले, तेही लिहिले. गणिताचे शिक्षक मागे उभे राहून हे पाहत होते. ते म्हणाले, “वह्या मी तपासतो. माझा अंदाज याच्या दुप्पट आहे.”